लिंबू, वय वर्षे चार

झाडाला कसलं पाणी घालावं, हा प्रश्न आमच्या इमारतीत मोठ्याने विचारू नये. लग्न करू का, नोकरी सोडू का, डोक्यावरचे उरलेले केस काढून टाकू का, असं काहीही विचारा. लोक जरा विचार करतील आणि 'तुझं तू बघ बाबा' म्हणतील. पाण्याचं तसं नाही. पाण्याबद्दल प्रत्येकाचं मत तयार असतं आणि बहुतेकांकडे त्या मताचं यंत्रही असतं.

मी तो प्रश्न विचारला. तोही जिन्यात, जिथे आवाज चार मजले ऐकू जातो.

झाड आईचं होतं. बाल्कनीतल्या कुंडीत एक मोगरा मेला आणि त्याच्या जागी आपणहून एक लिंबू उगवलं, त्याला चार वर्षं झाली. आमच्या घरात कुणाचंच असं स्वतःचं काही नाही. टॉवेलसुद्धा जो आधी उठेल त्याचा. लिंबू मात्र आईचं. ते यंदा पहिल्यांदा फुलेल असा तिचा अंदाज होता, आणि नेमकं तेव्हाच तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती आतल्या खोलीत पलंगावर. तिथून बाल्कनी अकरा पावलांवर, पण मधे वीतभर उंच उंबरठा. डॉक्टर म्हणाले, गुडघा नव्वद अंशात वाकेपर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही.

गुडघा तेव्हा पन्नास अंशांवर होता. व्यायाम करून घेणाऱ्या ताई रोज सकाळी यायच्या, पायाला पट्टा बांधायच्या आणि आई ओठ दाबून वाकवायची. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "मावशी, काहीतरी ध्येय ठेवू या. कुठपर्यंत चालायचंय? माझ्याकडचे एक आजोबा डोंगर चढायचं म्हणतात."

आई म्हणाली, "लिंबापर्यंत."

ताईंनी वहीत तसं लिहून घेतलं. मग आई मला म्हणाली, "पाणी घालत जा रे त्याला. आणि रोज मला एक पान आणून देत जा, वास घेईन." बस. किती घालायचं, कसलं घालायचं, काही नाही. आईच्या सूचना नेहमी अशाच असतात. 'गॅस बघ' म्हणते आणि जाते. काय बघायचं ते आपलं आपण.

आठवडाभर मी नळाचं पाणी घातलं. मग नळाला औषधाचा उग्र वास यायला लागला आणि त्याच सुमारास तीन पानं पिवळी पडली. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. दिवसभर पांढरा कोट घालून लोकांना 'हे स्पष्ट की ते स्पष्ट' विचारतो, त्यामुळे विज्ञान आपल्या घरचंच आहे असं मला वाटतं. पिवळी पानं आणि वासाचं पाणी, दोन्ही एकदम: मला लगेच स्पष्ट दिसलं. म्हणून मी जिन्यात समोरच्या काकूंना विचारलं, "काकू, झाडाला शुद्ध पाणी घालायचं तर कसलं चांगलं?"

काकूंच्या हातात पिशवी होती. ती त्यांनी खाली ठेवली. तेव्हाच मी पळायला हवं होतं.

"मशिनचं," काकू म्हणाल्या. "आमच्या मशिनला सात टप्पे आहेत. सात!" सात मुलगे डॉक्टर झाल्यासारखं त्या ते सात म्हणतात.

"मशिन?" वरच्या मजल्यावरून आवाज आला, आणि त्यामागून सोसायटीचे सेक्रेटरी उतरले. हे गृहस्थ एक वाक्य बोलायचं असलं तरी आधी विषय सांगतात. "विषय, पाणी. मशिनचं पाणी शेवटी कुठून येतं? टाकीतून. टाकीत कुठून? जमिनीतून. माझ्या एसीच्या नळीतून जे पाणी पडतं ते थेट हवेतून येतं. त्याचा पृथ्वीशी संबंधच नाही."

"मग झाडाचा तरी पृथ्वीशी संबंध आहे की तोही तोडायचा?" काकू म्हणाल्या.

एवढ्यात आमचं दार उघडून बाबा बाहेर आले. बाबांचा जगातल्या कुठल्याही पाण्यावर विश्वास नाही, ते वीस मिनिटं उकळलेलं असल्याखेरीज. पावसाकडेसुद्धा ते संशयाने बघतात. "उकळून गार केलेलं," एवढंच म्हणाले आणि दार लावून घेतलं. न्यायाधीश निकाल वाचून आत जातात तसे.

माझ्या मनात चौथंच होतं. दुकानात चष्मे धुवायच्या यंत्रात घालायला डिस्टिल्ड पाण्याच्या बाटल्या येतात. त्यात पाण्याखेरीज काहीही नसतं. ते मी बोलून दाखवलं.

"काहीही नसतं तर झाड खाणार काय?" काकू.

"विषय तोच," सेक्रेटरी म्हणाले. "अनुभव कुणाकडे आहे?"

मी दोघांनाही "बघतो" म्हणालो. सभ्य माणूस आणखी काय म्हणणार? पण आमच्या इमारतीत 'बघतो' म्हणजे होकार धरतात. अशाच एका 'बघतो'मुळे मी तीन वर्षं पार्किंग समितीवर आहे, आणि माझ्याकडे सायकलसुद्धा नाही.

तर मी डिस्टिल्ड पाणी सुरू केलं. रोज संध्याकाळी दोन लिटरची बाटली, मोठ्या कौतुकाने. लिंबाने पानं गाळायला सुरुवात केली.

मला वाटलं, जुनं वाईट पाणी बाहेर पडतंय. आमच्या दुकानातही नवा नंबर लागला की आधी आठवडाभर डोकं दुखतं, असं आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो. मी झाडालाही तेच सांगितलं. सुरुवातीला चौऱ्याऐंशी पानं होती. दुसऱ्या आठवड्यात साठ. तिसऱ्यात पस्तीस, त्यातली बरीच पिवळी. तिकडे आईचा गुडघा मात्र पन्नासाचा साठ, साठाचा सत्तर असा चढत होता. घरात दोन आकडे होते, एक वर चालला होता, एक खाली, आणि ते एकमेकांना कुठे भेटणार या विचाराने मला जेवण जाईना.

त्यात ते रोजचं पान. रोज सकाळी मी झाडापुढे उभा राहायचो आणि जी मोजकी हिरवी पानं उरली होती त्यातलं सगळ्यांत चांगलं तोडायचो. म्हणजे झाड ठणठणीत आहे हे दाखवण्यासाठी रोज त्याचा एक ठणठणीत भाग कापून न्यायचा. आई पान चुरडायची, नाकाशी धरायची, डोळे मिटायची आणि विचारायची, "कसं आहे?"

"मजेत."

"कळी?"

"विचार चाललाय त्याचा."

मग ती पट्टा बांधून घ्यायची आणि आणखी दोन अंश वाकवायची. मला मान वर करवत नसे.

शेवटी मी ठरवलं, आता अंदाज पुरे, तपासणी करायची. नगरपालिकेची पाणी तपासायची प्रयोगशाळा आहे. मी चार बाटल्या भरल्या, उकळलेलं, मशिनचं, हवेतलं आणि डिस्टिल्ड. त्यांना चिकटपट्ट्या लावल्या आणि दुकानातून अर्धा दिवस रजा काढली. कारण विचारलं तेव्हा 'घरात आजारपण' सांगितलं. खोटं नव्हतं.

खिडकीपाशी एक बाई लोकरीचं काहीतरी विणत होत्या. नजर सुईवर, बोट कीबोर्डवर. अशा माणसांचं मला फार कौतुक वाटतं.

"नमुने किती?"

"चार."

"पाणी पितं कोण?"

"झाड. लिंबाचं."

बाईंनी पहिल्यांदा वर बघितलं. "झाड नाहीये."

"आहे हो. बाल्कनीत आहे."

"तुमच्याकडे असेल. माझ्याकडे नाहीये." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. पर्याय तीनच होते. पुरुष, स्त्री, बालक. "यातलं एक दाबल्याशिवाय संगणक पुढे जात नाही."

"मग राहू द्या, नुसतं पाणी तपासा."

"नुसतं तपासायला हरकत नाही, पण नंबर दोन महिन्यांनी येईल. बाधित असला तर तीन दिवसांत. वय काय त्याचं?"

"चार वर्षं."

"बालक," बाई म्हणाल्या आणि दाबलं. "नाव?"

"लिंबू."

"आडनाव?"

मी घुटमळलो. "आमचंच लावा."

"लक्षणं? यातलीच सांगा. उलट्या, जुलाब, कावीळ, अंगावर चट्टे, केस गळणं."

"उलट्या नाहीत. पिवळा पडलाय आणि पानं गळतायत."

"कावीळ. केस गळणं." टिक, टिक.

"अहो बाई, पण हे खोटं नाही का होणार?"

त्यांनी सुया मांडीवर ठेवल्या. "इथे बावीस वर्षं झाली मला. गेल्या साली एकांनी मासे आणले होते, तेही पुरुष म्हणून गेले. खरं जे असतं ते, दादा, जिथे बसेल तिथे बसवायचं असतं. नाहीतर ते कुठेच बसत नाही. सही करा, 'पालक' लिहिलंय तिथे."

मी सही केली. पावती घडी घालून खिशात ठेवली. जिना उतरताना मला इतकं हलकं वाटलं की मी शीळ घातली. आयुष्यात शीळ घातल्यानंतर माझं कधी भलं झालेलं नाही.

तीन दिवसांनी दुकानातून घरी आलो तर इमारतीखाली गर्दी. टाकीच्या झाकणाला लाल लाखेचं सील. सूचनाफलकावर सेक्रेटरींचा कागद, 'विषय: पाणी बंद'. मी गर्दीत शिरलो तशी गर्दी दोन्हीकडे सरकली. मला वाट दिली कुणी की मला नेहमी बरं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही.

काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. "चार वर्षं!" त्या म्हणाल्या. "चार वर्षं आम्ही समोर राहतो आणि आम्हाला पत्ता लागू दिला नाहीस. कुणी काही म्हणालं असतं का रे? लग्न झालं नाही तर नाही. लेकरू ते लेकरू."

"कुठलं लेकरू?"

"आता तरी कबूल कर," कुणीतरी मागून म्हणालं.

तेवढ्यात आरोग्य निरीक्षक पुढे आले. उंच, सडसडीत, हातात फाइल. अत्यंत गंभीर माणूस. "तुम्हीच पालक ना? सही तुमचीच आहे? बालकाला कावीळ, केसगळती, तीन दिवस उलटले आणि दवाखान्यात नोंद नाही. कुठे आहे तो?"

मला एका क्षणात सगळं कळलं. "बाल्कनीत," मी म्हणालो.

"बाल्कनीत?"

"त्याला ऊन लागतं."

काकूंनी पदराने तोंड झाकलं.

निरीक्षक माझ्यामागून तीन मजले चढले. त्यांच्यामागून सेक्रेटरी, काकू आणि वरच्या-खालच्या मजल्यांवरचे इच्छुक. बाबा दारात उभे होते, हातात पातेलं. मी बाल्कनीचं दार उघडलं आणि बाजूला झालो. निरीक्षकांनी झाडाकडे बघितलं. मग फाइलमध्ये. मग परत झाडाकडे.

"हा लिंबू?"

"हो."

"आडनाव तुमचं?"

"घरचाच आहे तसा."

मी म्हणालो, "साहेब, चूक झाली. सील काढून टाका, मी लिहून देतो."

"काय लिहून द्याल?" ते शांतपणे म्हणाले. "रुग्ण झाड आहे, असं? ते मी कुठे चढवू? माझ्याकडेही जागा नाहीये. एकदा सील लागलं की टाकीचा अहवाल येईपर्यंत निघत नाही. आठ दिवस. आणि रुग्णाची नोंद बंद करायला मला परत यावं लागेल, प्रत्यक्ष बघून." मग थोडं थांबून म्हणाले, "काळजी घ्या त्याची," आणि गेले. मला तो माणूस आवडला. पण त्या वेळी इमारतीत हे सांगण्याची सोय नव्हती.

आठ दिवस टँकर. घराला दोन बादल्या, त्यात सगळं. त्या संध्याकाळी जिन्यात सभा भरली. मी मधल्या पायरीवर बसलो होतो आणि चाळीस घरांचे लोक वरखाली. माझ्याबद्दल जे बोलणं झालं त्यातलं 'हा पहिल्यापासूनच' एवढंच इथे लिहिण्यासारखं आहे. मी मान खाली घालून ऐकलं. माणसाचं लेकरू लपवल्याचा आळ परवडला, निदान तोवर लोकांना माझ्याबद्दल सहानुभूती होती.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर काकू सुस्कारा टाकून म्हणाल्या, "आणि आता त्या झाडाचं काय? मी तरी दोन बादल्यांत कुठून घालू?"

"तुम्ही?" मी म्हणालो. "तुम्ही कशाला घालताय?"

"म्हणजे? तूच तर 'बघतो' म्हणालास. तेव्हापासून मी रोज दुपारी आपल्या दोन बाल्कन्यांमधल्या भिंतीवरून बादलीभर ओतते. मशिनचं."

"सात टप्प्यांचं?"

"ते आम्ही पितो रे. हे बाजूच्या नळीतून येतं ते."

"म्हणजे सात टप्प्यांत काढून टाकलेलं?"

"काढून टाकलेलं काय म्हणतोस, बाजूला ठेवलेलं!"

सेक्रेटरींनी घसा खाकरला. "विषय तोच. एसीची नळी मी त्याच दिवशी वळवून घेतली होती. कठड्याआडून, कुणाच्या नजरेत न येता, थेट कुंडीत. थेंब थेंब, चोवीस तास. आता टाकी बंद असली तरी माझं पाणी हवेतलं आहे, पण सध्याच्या वातावरणात मी बादली लावून घरातच घेतोय. फरशी पुसायला."

मी बाबांकडे वळलो. बाबा छताकडे बघत होते. "पहाटे," ते म्हणाले. "एक पातेलं. गार करून. कोपराने तपासून घालतो मी, तान्ह्या पोराच्या अंघोळीचं बघतात तसं."

आणि संध्याकाळी माझी बाटली.

चाळीस घरांपैकी निदान तीस जणांच्या ओठांवर बेरीज चालू होती. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत, आणि रात्रभर थेंब थेंब, एवढ्याशा कुंडीत, तीन आठवडे. शेवटी बाबाच बोलले, अगदी बारीक आवाजात. "अरे, म्हणजे ते बुडत होतं."

त्याच्यानंतर मला कुणी काही बोललं नाही. रागवायला निदान एक निर्दोष माणूस लागतो, आणि तो त्या जिन्यात सापडेना.

मी वर जाऊन कुंडीत बोट घातलं. चिखल. झाडावर नऊ पानं.

करण्यासारखं काही नव्हतं, हेच सगळ्यांत अवघड. माणूस आजारी पडला तर निदान धावपळ करता येते. झाड बुडालं तर नुसतं उभं राहायचं. बाबा पहाटे उठून रिकामं पातेलं घेऊन बाल्कनीच्या दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. दुपारी भिंतीपलीकडून काकूंचा आवाज यायचा, "मी नुसती बघतेय हं!" मीही दुकानातून सुटलो की बाटली न घेता यायला शिकलो. आयुष्यात पहिल्यांदाच आम्ही सगळे मिळून एक काम न करण्यात गुंतलो होतो.

पण नऊ पानांतून रोज एक कसं तोडणार? मी दुकानाच्या वाटेवरच्या रोपवाटिकेतून एक लिंबाची डहाळी आणली, पेल्यात पाणी घालून कपाटात लपवली आणि तीन दिवस त्यातलं एकेक पान आईला देत राहिलो.

तिसऱ्या दिवशी आईने पान घेतलं आणि चुरडलं नाही. "हे आपलं नाही," ती म्हणाली.

"आपलंच आहे."

"आपल्या पानाला चुरडल्याशिवाय वास येत नाही. हे आधीच दरवळतंय. परवाचंही नव्हतं. कालचंही." तिने पान चादरीवर ठेवलं. "किती उरलीत?"

चष्म्याच्या दुकानात आम्ही वाईट बातमी हळूहळू सांगतो. आधी एक डोळा, मग दुसरा. मला तेही जमलं नाही. "नऊ."

मग मी सगळं सांगितलं. बाटली, पातेलं, बादली, नळी, प्रयोगशाळा, बालक, कावीळ. दारात व्यायामवाल्या ताई पट्टा घेऊन उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. त्यांना हसू आलं आणि आईचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं.

आई म्हणाली, "दिवसभर कुठेतरी पाणी पडतंय असं मला वाटायचं. मी म्हटलं, गोळ्यांमुळे असेल."

मग ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "ताई, आज व्यायाम राहू दे."

गुडघा त्या दिवशी ब्याऐंशीवर होता. ताई हळूच म्हणाल्या, "मावशी, आता सोडलं तर तो आखडेल. परत पन्नासवर जाईल."

"जाऊ दे. कुठे जायचंय मला?"

मी तिथे उभा होतो. विनोद सुचत नव्हता. मला विनोद सुचत नाही म्हणजे परिस्थिती खरंच गंभीर असते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. बाबा दाराशी आले, त्यांनाही ते कळलं.

मग आई भिंतीकडे बघतच म्हणाली, "खोड बघितलंस?"

"खोडाचं काय बघायचं?"

"बुंध्यापाशी नखाने जरासं खरवडून बघ. आतून हिरवं आहे का तपकिरी."

मी अकरा पावलं पळालो. बाबा मागे. उंबरठ्याला माझी करंगळी ठेचली, ती आजतागायत वाकडी आहे. मी गुडघ्यावर बसलो. बाबांनी आपला वाचायचा चष्मा काढून मला दिला. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो हे त्या क्षणी आम्ही दोघंही विसरलो होतो, आणि त्यांच्या नंबराने मला काहीच दिसेना. तो बाजूला ठेवला, नखाने खरवडलं.

"हिरवं!" मी तिथूनच ओरडलो. "आई, हिरवं आहे! ओलं आहे!"

"हिरवं!" भिंतीपलीकडून काकू ओरडल्या.

"विषय?" वरून आवाज आला.

"हिरवं!" आम्ही तिघंही ओरडलो.

आत आलो तर आई सरळ होऊन बसली होती. ताईंना म्हणाली, "बांधा तो पट्टा."

पुढचे पाच दिवस मी पाणी घातलं नाही, हेच पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण मी केलेलं हे सगळ्यांत मोठं काम आहे. माती वरून सुकली, मग भेगाळली. पान एकही गळलं नाही. नऊ ते नऊ.

आठव्या दिवशी सकाळी निरीक्षक आले. टाकीचा अहवाल आला होता. पाणी उत्तम, पिण्यास योग्य. माझ्या चार बाटल्यांचाही आला होता, पण त्याची त्यांनी आधीच घडी घातली होती. "आता उघडून काय उपयोग," म्हणाले. त्यांचा माणूस गच्चीवर सील काढायला गेला आणि ते स्वतः फाइल उघडून आमच्या बैठकीत उभे राहिले. "नोंद बंद करायचीय. रुग्णाला बघावं लागेल."

"मलाही," आतून आई म्हणाली, आणि वॉकरचे पाय फरशीवर वाजले.

"मावशी, अठ्ठ्याऐंशी झालाय फक्त," ताई मागून म्हणाल्या. "नव्वदला दोन कमी आहेत!"

"दोनांसाठी मी थांबणार नाही."

अकरा पावलं. आम्ही मोजत होतो, मनातल्या मनात, पण सगळ्यांचे ओठ हलत होते. दारातून काकू, त्यांच्यामागे सेक्रेटरी. उंबरठ्याशी आई थांबली. बाबांनी हात पुढे केला, तिने तो बाजूला केला, मग विचार बदलून धरला, आणि पाय उचलला. तोंड वाकडं झालं. पाय पलीकडे गेला. मग दुसरा.

ती झाडाजवळ उभी राहिली. नऊ पानं, उघड्या काटक्या, भेगाळलेली माती. मला वाटलं, आता रडेल. ती वाकली, जेवढं वाकता येत होतं तेवढी, आणि एका काटकीच्या टोकाला बोट लावलं. तिथे तांबूस, मुगाच्या दाण्याएवढं काहीतरी होतं. शेजारच्या काटकीवर आणखी एक. रोज झाड मोजणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं, कारण मी पानं मोजत होतो आणि ती अजून पानं झाली नव्हती.

"फुटतंय," आई म्हणाली.

निरीक्षकही वाकून बघत होते. सरळ झाले, पेन काढलं. "तीन पर्याय आहेत माझ्याकडे. बरा झाला, स्थलांतरित, मृत." आणि पहिल्यावर टिक केलं. मी कठड्याला टेकलो. "पुढील सल्ला, असाही रकाना आहे," ते म्हणाले. "आईंनी सांगावं."

"आठवड्यातून दोनदा पाणी," आई म्हणाली. "तेही आधी मातीत बोट घालून बघून. ओलं लागलं तर नाही."

निरीक्षकांनी लिहिलं. "कसलं पाणी?"

काकू टाचांवर उंच झाल्या. सेक्रेटरींनी तोंड उघडून ठेवलं. बाबांनी नुसतं आईकडे बघितलं, तीस वर्षांच्या संसाराच्या आशेने.

"नळाचं," आई म्हणाली. "रात्री बादलीत भरून ठेवायचं, सकाळपर्यंत औषधाचा वास उडून जातो. तेच."

त्यावर वाद होणारच होता, सेक्रेटरी 'विषय' एवढं म्हणालेही होते. पण त्याच क्षणी गच्चीवर सील तुटलं आणि इमारतीत पाणी आलं. गेले आठ दिवस प्रत्येकाने कधी ना कधी, पाणी आलंय का म्हणून, नळ उघडून बघितला होता, आणि बहुतेकांनी तो तसाच सोडला होता. वर, खाली, समोर, सगळीकडून एकदम धो धो आवाज सुरू झाला.

"अगं बाई, माझा बेसिनचा!" काकू पळाल्या. सेक्रेटरी दोन दोन पायऱ्या चढत गेले. बाबा न्हाणीघराकडे, मी स्वयंपाकघराकडे. निरीक्षकांनी फाइल मिटून डोक्यावर धरली, कारण वरच्या मजल्याची बाल्कनी गळायला लागली होती, आणि ते सावकाश निघून गेले.

मी नळ बंद केला, ओटा पुसला आणि परत आलो. आईने वॉकर बाजूला लावून ठेवला होता आणि कुंडीच्या कडेवर हात टेकून ती एकटीच उभी होती. सगळ्या इमारतीत पाण्याचा आवाज चालला होता, आणि त्या झाडाला कुणीही पाणी घालत नव्हतं.